नमते बळ



चीनमधील ताई ची आणि आपले निफाड यांचा संबंध काय, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींच्या मनात आला असेल. संबंध आहे, आणि तो फार लांबचा नाही. याच तालुक्यातील गोदाकाठचे कोठुरे हे मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर यांचे गाव. तेव्हा शरीर आणि बळ यांविषयी चार शब्द बोलण्यास याहून योग्य जागा आम्हांस कोठली मिळणार? आमचा प्रश्न साधा आहे. समोरच्याच्या जोराला जोरानेच उत्तर द्यावे लागते काय? आणि तसे नसेल, तर ते दुसरे उत्तर शिकावयाचे कसे?

ताई ची म्हटले की पहाटे बागेत संथपणे हात फिरवणारी वृद्ध माणसे डोळ्यांपुढे येतात. परंतु ही मूळची युद्धविद्या आहे. तिची परंपरा हनान प्रांतातील चेनजियागौ या खेड्याशी आणि सतराव्या शतकातील चेन वांगतिंग यांच्याशी जोडली जाते. 2020 साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. बागेत दिसतो तो तिचा एकट्याने करावयाचा भाग. दुसरा भाग जोडीने करावयाचा असतो. त्यास थुईशौ, म्हणजे 'हात ढकलणे', असे म्हणतात. दोघे समोरासमोर उभे राहतात, मनगटाला मनगट टेकवतात. एक ढकलतो, दुसरा कंबर वळवून तो जोर बाजूस काढतो आणि आपल्या पाळीने ढकलतो. जागेवरच्या सरावात पाय हलवावयाचे नसतात. ज्याचा पाय उचलला गेला, त्याचा तोल गेला असे समजतात.

आपल्या आयाबहिणींना हे निराळ्या रूपात ठाऊक होते. जात्याच्या एकाच खुंट्याला दोघींचे हात असत. एकीने ओढले की दुसरीने सोडावयाचे. एक अडून बसली की जाते जड होई. कोणी कोणास 'आता सोड' म्हणून सांगत नसे. लाकडाच्या त्या खुंट्यातून एकीचा हात दुसरीस कळत असे. थुईशौची पहिली पायरी नेमकी हीच आहे. चिनी गुरू तिला 'ऐकणे' म्हणतात, पण ते कानाने नव्हे, कातडीने.

हे ऐकणे साधावे कसे? येथे एक शास्त्रीय गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, भार जितका मोठा, तितका त्यातील लहान फरक कळेनासा होतो. मोकळ्या तळहातावर लिंबू ठेवले तर लगेच समजते. पाठीवर धान्याचे पोते असताना त्यावर कोणी लिंबू ठेवले तर हमालास पत्ताही लागत नाही. आवळून धरलेला दंड हा त्या हमालासारखा असतो. आपल्याच जोराने तो इतका भरलेला असतो की दुसऱ्याची बारीक हालचाल त्यास उमगत नाही. म्हणून सैल राहावयाचे. सैलपणा हा येथे आळस नव्हे, ती जाणण्याची पूर्वतयारी आहे.

दुसरी पायरी नमण्याची. जो मनुष्य आपल्याला ढकलतो, तो नकळत आपल्या अंगावर रेलतो. आपण केलेला विरोध हा त्याचा तिसरा पाय असतो. तो विरोध आपण काढून घेतला, की त्याच्या शरीराचा भार त्याच्या दोन पावलांच्या बाहेर जातो. रस्सीखेचीत एका बाजूने दोर सैल सोडला तर दुसरी बाजू स्वतःच्याच जोराने आडवी होते, तसाच हा प्रकार. मात्र नमणे म्हणजे कोसळणे नव्हे. हात ढिला पडून छातीशी चिकटला, तर समोरचा सरळ आत येतो. स्पर्श सुटू द्यावयाचा नाही, पाय रोवलेले ठेवावयाचे, आणि वळावयाचे ते कंबरेतून.

तिसरी पायरी सोडण्याची. समोरचा तोल सावरण्याच्या धडपडीत असतो तो क्षणच आपला. त्या वेळी मोठ्या ताकदीची गरज नसते. टाचेने जमीन दाबली जाते, तो जोर गुडघ्यातून, कंबरेतून, खांद्यातून येतो आणि हात केवळ निरोप पोचवणारा असतो. चिनी भाषेत अंगच्या कच्च्या ताकदीला 'ली' आणि कमावलेल्या, एकवटलेल्या जोराला 'जिन' असे दोन वेगळे शब्द आहेत. आपण पहिलीला ताकद म्हणू, दुसरीला कस म्हणू. यात मंत्रतंत्र काही नाही. स्पर्शही न करता शिष्यांना दूर उडवून देणारे गुरू पाहावयास मिळतात. तेथे शिष्याची भक्ती उडत असते, विद्येचा संबंध नसतो.

आमचा तालमीतला गडी म्हणेल, यात नवे काय? त्याचे म्हणणे रास्त आहे. कुस्ती लागताच पहिलवान लगेच डाव टाकत नाहीत. हातात हात, मानेवर हात, अशी खडाखडी चालते. प्रेक्षकांस वाटते वेळ जातो आहे. वस्तुतः दोघेही एकमेकांस वाचत असतात. प्रत्येक डावाला तोड असते, आणि पुष्कळशा तोडींचे मर्म समोरच्याच्या जोरास वाट करून देण्यात असते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लास तेथे गादीवर लढावे लागले. पायाखालची भूमी बदलली, की पायांची जाणही नव्याने कमवावी लागते. त्यांनी ती कमावली आणि 1952 साली हेलसिंकीस कांस्यपदक मिळवले. ढाक हा त्यांचा नावाजलेला डाव होता.

आता पुन्हा कोठुऱ्याकडे वळू. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी निजामाकडील अली आणि गुलाब या दोन मल्लांनी पुण्यात आव्हान दिले, तेव्हा बाळंभटदादांनी वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन साधना केली आणि तेथे त्यांस लाकडी खांबावरील कसरतींची स्फूर्ती झाली, असे सांगतात. पुढे त्यांनी गुलाबास चीत केले, आणि अलीने माघार घेतली, अशी ही कथा आहे. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथातही आहे. परंतु मागे पडलेल्या या विद्येस पुन्हा उभे केले ते दादांनी.

खांबाचे उपकार मोठे आहेत. एरंडेल लावलेल्या त्या गुळगुळीत लाकडावर शरीर लवचिक होते, पकड नेमकी होते, भीती जाते. पण खांब ढकलत नाही, फसवत नाही, दमत नाही. तो आपल्याला आपले शरीर शिकवतो. दुसऱ्याचे शिकवू शकत नाही. ताई चीचा एकट्याने करावयाचा भागही असाच. म्हणूनच चिन्यांनी त्यास थुईशौची जोड दिली, आणि आपल्या वस्तादांनी मेहनतीनंतर जोडीशी लढत करणे ठेवले.

आज गावोगावी लोखंडी वजनांच्या व्यायामशाळा निघाल्या आहेत. तरुण तेथे जातात याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र लोखंड कधी बेत बदलत नाही. त्याच्याशी झुंजून ताकद येते. जाण येण्यास समोर जिवंत माणूस लागतो. आरशापुढे एकट्याने दंड फुगवणाऱ्यास हा माणूस भेटतच नाही, ही आमची काळजी आहे.

हे केवळ तरुणांपुरते नाही. उतारवयात अनेकांना अंथरुणाला खिळवते ते एखादे पडणे. ताई चीच्या नियमित सरावाने वृद्धांचे पडणे कमी होऊ शकते, असे वैद्यकीय पाहण्यांत आढळले आहे. ज्यास तोल जाताना कळतो, तो वेळीच पाय टाकतो.

तेव्हा आमची विनंती लहानशी आहे. येथील व्यायामशाळांनी आठवड्यातून एक संध्याकाळ जोडीच्या मेहनतीस द्यावी. मनगटास मनगट टेकवावे, कोणी जिंकावयाचे नाही असे ठरवावे, आणि समोरच्याचा हात काय म्हणतो आहे ते अर्धा तास ऐकावे. ज्या तालुक्याने महाराष्ट्रास खांबाशी खेळावयास शिकवले, त्यास हे जड जाऊ नये.