नावं नवी, ओळख जुनी

(रेडिओवरील भाषण)

आजचं बोलणं सहावी ते आठवीतल्या मुलामुलींसाठी आहे. घरातल्या मोठ्यांनीही जवळ बसून ऐकलं तर मला आनंद होईल, कारण इंग्रजीच्या अभ्यासाची भीती पुष्कळदा मोठ्यांकडूनच मुलांकडे जाते.

सोलापूरच्या पूर्व भागातली, सहावीत शिकणारी एक मुलगी. घरी तेलुगू, गल्लीत आणि शाळेत मराठी. तिनं वहीत लिहिलं होतं, 'आय स्कूल गो.' वर्गात दोघं-तिघं हसले. मी तिला विचारलं, "हेच घरी आईला कसं सांगतेस?" ती म्हणाली, "नेनु बडिकि वेळ्तानु." पुढच्या बाकावरच्या एका मुलाच्या घरी कानडी बोलतात. तो म्हणाला, "नानु शालेगे होगुत्तेने." उर्दू बोलणारी एक मुलगी म्हणाली, "मैं स्कूल जाती हूँ." आणि मराठीत आपण म्हणतो, 'मी शाळेत जाते.' ही चारही वाक्यं मी फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि मुलांना क्रियापदाखाली रेघ ओढायला सांगितलं. चारही रेघा वाक्याच्या शेवटी आल्या.

मग हसणारे गप्प झाले. त्या मुलीनं नियम मोडला नव्हता, आपल्या गावातल्या चारही भाषांचा नियम पाळला होता. इंग्रजी मात्र कर्त्याच्या पाठोपाठ लगेच क्रियापद आणते. 'आय गो टू स्कूल.' 'माय फादर वीव्ज टॉवेल्स.' आधी कोण, मग काय करतो, मग काय विणतो. सब्जेक्ट म्हणजे कर्ता, व्हर्ब म्हणजे क्रियापद, ऑब्जेक्ट म्हणजे कर्म. मराठीतली तीच तीन माणसं, फक्त रांगेतली जागा बदललेली.

मुलांनो, मला आज एवढंच सांगायचं आहे. इंग्रजी व्याकरणातली नावं नवी वाटली, तरी त्या नावांमागची गोष्ट तुम्ही रोज बोलताना वापरता. नाऊन म्हणजे नाम, प्रोनाऊन म्हणजे सर्वनाम, ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण, व्हर्ब म्हणजे क्रियापद, ॲडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण. पुढे प्रेपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय, कंजंक्शन म्हणजे उभयान्वयी अव्यय आणि इंटरजेक्शन म्हणजे केवलप्रयोगी अव्यय. इकडे आठ, तिकडेही आठ. ही जोडी आपोआप जुळलेली नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. त्या वेळी ते जेमतेम बाविशीचे होते. इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांनी डोळ्यांसमोर ठेवली होती, म्हणून मराठी शब्दांच्या जाती आणि इंग्रजीतले पार्ट्स ऑफ स्पीच इतके एकमेकांसारखे दिसतात. तुम्ही मराठीच्या तासाला जे शिकता, त्यातलं निम्मं काम इंग्रजीच्या तासाला आयतं हाताशी असतं.

फरक थोड्याच ठिकाणी आहे. तेवढा नीट ओळखला की झालं.

पहिला फरक शब्दयोगी अव्ययाचा. आपण 'टेबलावर' म्हणतो. 'वर' टेबलाच्या मागे चिकटतं. इंग्रजीत 'ऑन द टेबल'. 'ऑन' पुढे येऊन उभं राहतं. प्रेपोझिशन या शब्दातल्या 'प्रे'चा अर्थच 'आधी'. नावातच जागा सांगून ठेवली आहे.

दुसरा फरक क्रियापदाच्या रूपाचा. मराठीत मी विणतो, तू विणतोस, ती विणते, आम्ही विणतो, ते विणतात, असं रूप सारखं बदलतं. इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात 'वीव्ह' हे एकच रूप सगळीकडे चालतं. 'ही', 'शी' किंवा 'इट' आलं, की तेवढा शेवटी 'एस' लागतो. बदल एकाच ठिकाणी असल्यामुळे तो विसरायला होतो. वाक्य लिहून झालं की कर्त्याकडे एकदा बोट दाखवायचं आणि विचारायचं: हा एकटा आहे का? मी आणि तू सोडून तिसरा आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' आलं, की 'एस' लावायचा.

तिसरा फरक 'अ' आणि 'ॲन'चा. इथे मुलं अडतात, आणि इथेच आपली देवनागरी कामाला येते. स्वराआधी 'ॲन' आणि व्यंजनाआधी 'अ', हा नियम पाठ असतो. तरीही 'अवर' म्हणजे तास या शब्दाला 'अ' लावला जातो, कारण इंग्रजीत तो 'एच' या अक्षरानं सुरू होतो. 'युनिफॉर्म'ला 'ॲन' लावला जातो, कारण तो 'यू'नं सुरू होतो. नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. मग तो शब्द देवनागरीत लिहून बघा. 'अवर' 'अ'नं सुरू झाला, म्हणजे स्वर. म्हणून 'ॲन अवर'. 'युनिफॉर्म'च्या सुरुवातीला 'य' आहे, म्हणजे व्यंजन. म्हणून 'अ युनिफॉर्म'. 'एमएलए'च्या आधी 'ॲन' आणि 'वन-वे रोड'च्या आधी 'अ', हेही असंच सुटतं. आपली लिपी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, म्हणून इंग्रजी स्पेलिंगनं झाकलेला उच्चार ती उघडा करून दाखवते. आज रात्री असे दहा शब्द घेऊन पाहा.

चौथा फरक कॅपिटल अक्षरांचा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, म्हणून वाक्याच्या सुरुवातीला आणि माणसांच्या, गावांच्या नावांना कॅपिटल देणं राहून जातं. विरामचिन्हांची भीती मात्र नको. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह या खुणा इंग्रजी लेखनातूनच मराठीत आल्या. मेजर कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात त्या इथे रुजवल्या. कॉमा आणि स्वल्पविराम ही एकाच खुणेची दोन नावं.

आता परिच्छेद, म्हणजे पॅराग्राफ. 'माय सिटी' या विषयावर मुलं साधारण असं लिहितात: सोलापूरची चादर प्रसिद्ध आहे. इथे सिद्धेश्वराचं देऊळ आहे. इथे भुईकोट किल्ला आहे. इथे फार ऊन असतं. मला माझं शहर आवडतं. एकेक वाक्य बरोबर आहे, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. कुठलंही वाक्य उचलून कुठेही ठेवलं तरी काही बिघडत नाही. परिच्छेद ओळखायची खूण हीच. वाक्यांची जागा बदलल्यावर बिघडलं पाहिजे.

एका परिच्छेदात एकच गोष्ट सांगायची. ती कोणती, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. ते टॉपिक सेंटेन्स, म्हणजे मुख्य वाक्य. त्याला आधार देणारी तीन-चार वाक्यं म्हणजे सपोर्टिंग सेंटेन्सेस. शेवटी गोष्ट आवरती घेणारं वाक्य म्हणजे कन्क्लूडिंग सेंटेन्स. शहरातली एक व्यक्ती घेऊ, डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. मुख्य वाक्य असं: 'सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांनी परक्या देशातल्या जखमींसाठी आपलं आयुष्य दिलं.' आता या वाक्याला आधार हवा. त्यांचा जन्म सोलापुरात 1910 साली झाला. 1938 मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. तिथे त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली आणि युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार केले. 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं 32. मग शेवटचं वाक्य: 'म्हणून भारत आणि चीन या दोन्ही देशांत त्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं.' यात उन्हाळा नाही, चादर नाही, कारण मुख्य वाक्यानं त्यांना बोलावलंच नाही. प्रत्येक वाक्य लिहिताना पहिल्या वाक्याला विचारा: हे तुझ्या कामाचं आहे का? नसेल, तर ते दुसऱ्या परिच्छेदासाठी राखून ठेवा.

पालकांना एक विनंती. 2000 सालापासून आपल्याकडे मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तुमच्यापैकी अनेकांना ते पाचवीपासून होतं. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मुलाच्या वहीपासून दूर राहू नका. रोज संध्याकाळी त्याला किंवा तिला एकाच गोष्टीवर पाच वाक्यं मराठीत सांगायला लावा: आज मागावर काय झालं, बाजारात काय पाहिलं, आजी काय म्हणाली. कानडीत, तेलुगूत, उर्दूत सांगितलं तरी चालेल. पाच वाक्यं एका धाग्यात सांगता यायला लागली, की परिच्छेद तयार झाला. इंग्रजी शब्द त्यावर नंतर बसतात.

त्या दिवशी तास संपताना त्या मुलीनं फळ्यावर पाचवी ओळ लिहिली, 'आय गो टू स्कूल', आणि क्रियापदाखाली रेघ ओढली. वरच्या चार रेघा एका बाजूला, तिची एक मधे. वरच्या चार ओळी तिनं पुसल्या नाहीत. त्यांच्याकडे पाहूनच तिला पाचवी आली होती.