झेंडूच्या शेतातील एक सकाळ
(शिक्षक-संमेलनात दिलेले भाषण)



पुस्तकातील फुलाचे चित्र आपण फळ्यावर पुन्हा काढतो आणि मुले ते पाटीवर उतरवून घेतात. हल्ली शहरातील मंडळी पैसे मोजून खेड्यात येतात व स्वतःच्या हाताने फुले-फळे तोडण्याचा आनंद घेतात. आपल्या मुलांच्या वाटेवरच दसऱ्याच्या सुमारास झेंडूचे शेत फुललेले असते; परंतु त्याकडे पाठ म्हणून पाहावे, असे मलाही पुष्कळ वर्षे सुचले नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यास चार दिवस असताना मी चौथीचा वर्ग अशा एका शेतावर नेला. प्रत्येक मुलाने पाच फुले तोडावीत आणि त्यांचे दाम वजनाप्रमाणे मी द्यावेत, असे शेतकऱ्याशी आदल्या दिवशीच ठरले होते. फवारणी केव्हा झाली, हेही विचारून घेतले होते. ते विचारल्यावाचून मुलांस फुलशेतात नेऊ नये.

ठरले पाच फुलांचे, पण हात आवरतात थोडेच! कोणी फांदी ओढली, कोणी अर्ध्या कळ्या खुडल्या. शेतकरी रागावला नाही. मूठभर कळ्या हातात घेऊन तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, ही दसऱ्याची फुलं होती." मी खाली पाहिले.

इतक्यात पलीकडच्या सरीत आमच्याच वर्गातील एक मुलगी दिसली. आईबरोबर ती तोडणीस आली होती. तीन दिवस तिच्या नावापुढे मी गैरहजेरी मांडीत होतो. ती भीतभीतच पुढे आली आणि म्हणाली, "गुरुजी, वढायचं नाही. खालून धरून वाकवायचं." फुलाखालच्या हिरव्या पेल्याशी अंगठा टेकवून तिने फूल अलगद मोडून दाखविले. पुरते उमललेलेच घ्यावे, दवाने ओले पोत्यात भरू नये, नाही तर काळे पडते, हेही तिनेच सांगितले. त्या दिवशीचा अर्धा पाठ तिने घेतला, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

उरलेला पाठ बांधावर झाला. एक फूल आम्ही उकलले. ज्याला आपण पाकळी म्हणतो ते स्वतंत्र फूलच असते, आणि झेंडू म्हणजे अशा अनेक फुलांचा एक गुच्छ. वाळलेल्या पाकळीच्या टोकाशी काळी काडी असते, तेच बी. सूर्यफूल, शेवंती व आपली करडई ही याच कुळातील. झेंडूचे मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका. कोलंबस अमेरिकेस पोहोचला १४९२ साली, तर परंपरेप्रमाणे नामदेव महाराजांचा जन्म १२७० चा. तेव्हा नरसीच्या त्या काळच्या दारांवर झेंडूचे तोरण असणे शक्यच नव्हते! हे ऐकून मुले थक्क झाली. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या स्मरणार्थ हीच फुले वाहतात, हे त्यांना त्याहूनही नवलाचे वाटले. आमच्या वसमतकडील मुलाने हळदीत झेंडू का लावतात, असे विचारले. मुळांना उपद्रव देणारे सूक्ष्म कृमी त्याने कमी होतात, हे उत्तर मी दिले. शेतकऱ्याने मान डोलावली.

कळ्यांचेही दाम मी दिले. तो घेईना, शेवटी घेतले.

सायंकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. आई म्हणाली, "सणाचे चारच दिवस असतात, गुरुजी. दोन हात जास्त असले की चूल पेटते." यावर मजजवळ उत्तर नव्हते. अखेर पहाटेची तोडणी आटोपून मुलीने शाळेत यावे, थोडा उशीर झाला तरी चालेल, असे ठरले. दुसऱ्या दिवशी ती परिपाठ संपता संपता आली. बोटे पिवळी होती. दिवाळीच्या तोडणीत मात्र दोन दिवस आली, दोन दिवस आली नाही. ज्या दिवशी आली नाही, त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुस्तक घेऊन त्या शेताच्या बांधावर गेलो.