दोन कार्बुरेटर, एक इंजिन



या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण असे विषय आपण ऐकत आला आहात. आजचा विषय ग्रीसने माखलेला आहे. आम्ही गॅरेज-कामगारांत वावरणारी माणसे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण दिवसा गाडीखाली पाठीवर निजून झाले, आणि रात्री शब्दकोश हाताशी घेऊन जुनी वर्कशॉप मॅन्युअले वाचताना झाले. तेव्हा पांडित्य आमच्याकडे नाही. जे हातांनी केले आणि ज्याचे कारण पुढे पुस्तकात सापडले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

हल्ली जुन्या मोटारी जतन करण्याची हौस वाढली आहे, आणि ही गोष्ट चांगली आहे. या हौसेबरोबर गॅरेजात एक मागणी वारंवार येते: "मिस्त्री, आमच्या अँबेसेडरला दोन कार्बुरेटर बसवा, गाडी पळाली पाहिजे." या मागणीत तथ्य किती, ते काम होते कसे, आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढे तीनच प्रश्न आज घेऊ.

मागणी निराधार नाही. अँबेसेडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीची भारतीय बहीण. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे ती तयार होई. २०१४ साली तिचे उत्पादन बंद पडले. तिच्या जुन्या पेट्रोल गाड्यांत १४८९ घनसेंटिमीटरचे जे इंजिन होते, ते इंग्रजी कारखान्याच्या 'बी' मालिकेतले. हेच इंजिन तिकडे किती घरी नांदले ते पाहा. १९५४ च्या ऑस्टिन ए-५० केंब्रिज गाडीत एका कार्बुरेटरवर ते सुमारे ५० अश्वशक्ती देई. एमजी मॅग्नेट या चार दारांच्या गाडीत दोन कार्बुरेटरांवर ६० देई. आणि १९५५ साली आलेल्या एमजीए या उघड्या गाडीत दोन मोठ्या कार्बुरेटरांवर आरंभी ६८ आणि पुढे ७२. इंजिन तेच, आणि शक्ती मात्र जवळजवळ दीडपट!

हे आकडे वाचून कोणाच्याही मनात येईल की सगळी करामत दुसऱ्या कार्बुरेटरची. तसे नाही. एमजीएच्या इंजिनात दाबाचे प्रमाण वाढवलेले होते, आणि इंजिन अधिक फेऱ्यांवर पळावे म्हणून आतही फेरफार केलेले होते. दुसरा कार्बुरेटर हा त्या साऱ्या मंडळींतला एक. तो एकटाच आणून बसवला तर थोडा गुण येतो, तोही वरच्या वेगात. शहरातल्या गर्दीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्या गाडीला त्याचा फारसा लाभ नाही. गिऱ्हाइकाला हे आधी सांगणारा मिस्त्री प्रामाणिक समजावा.

आता कार्बुरेटर म्हणजे काय ते थोडक्यात सांगू. इंजिनाचा दट्ट्या खाली उतरतो तेव्हा हवा आत ओढली जाते. त्या हवेत पेट्रोल योग्य मापाने मिसळणारे भांडे म्हणजे कार्बुरेटर. आपल्या जुन्या गाड्यांवर जो एसयू कार्बुरेटर दिसतो, त्याच्या नावाचा विस्तार ऐकून आमच्या सभासदांना नेहमी गंमत वाटते. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन! मात्र ही युनियन कामगारांची नव्हे, भावाभावांची. स्किनर घराणे जोड्यांच्या धंद्यातले. म्हणूनच त्यांच्या पहिल्या कार्बुरेटरांत कातड्याचा भाता होता. १९१० साली त्यांची कंपनी निघाली आणि १९२६ साली ती मॉरिस यांनी घेतली.

या कार्बुरेटरची युक्ती फार सरळ आहे. आत एक हलका पिस्टन वरखाली होतो. इंजिनाने हवा जास्त ओढली की तो वर उचलला जातो, कमी ओढली की खाली बसतो. त्याच्या तळाशी निमुळती सुई आहे. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग जेटच्या भोकात येतो, भोक मोकळे होते आणि पेट्रोल वाढते. भूक जेवढी, वाढप तेवढे. पिस्टनने एकदम उसळी मारू नये म्हणून वरच्या नळीत थोडे तेल घातलेले असते. हे तेल पाहायचे पुष्कळजण विसरतात आणि मग 'गाडी पिकप घेत नाही' म्हणून तक्रार करतात.

आता दोन का? बी मालिकेच्या इंजिनात सिलिंडर चार, पण हवा आत शिरण्याची दारे दोनच. पहिल्या-दुसऱ्याचे एक, तिसऱ्या-चौथ्याचे एक. चाळीतल्या सामाईक नळासारखा हा प्रकार आहे. चार बिऱ्हाडे, नळ दोन. त्यातून पेट घेण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा. म्हणजे एका नळावर तिसरे आणि चौथे बिऱ्हाड पाठोपाठ हंडे लावते, मग तो नळ उगाच राहतो आणि दुसऱ्या नळावर दुसरे आणि पहिले तसेच पाठोपाठ येते. मागून येणाऱ्याला पहिल्याइतकेच मिळेल याचा भरवसा नाही. एकच कार्बुरेटर असला तर मिश्रणाला मधून निघून दोन्हीकडे वळणे घेत जावे लागते. दोन असले तर प्रत्येक दाराशी आपला कार्बुरेटर येतो, वाट आखूड होते आणि हवेला जागा जास्त मिळते. नळाची भागी मात्र सुटत नाही. ती इंजिनाच्या ओतिवातच आहे. दोन्ही बाजूंना जोडणारी एक समतोल नळी मॅनिफोल्डमध्ये ठेवतात, तिच्यामुळे इंजिन मंद चालताना धडधडत नाही.

काम कसे करावे? पहिला नियम: आधी इंजिन निरोगी करा, मग कार्बुरेटरला हात लावा. टॅपेटची फट, प्लग, पॉइंट आणि टायमिंग हे सारे बरोबर झाल्याशिवाय ट्यूनिंग म्हणजे तापात असलेल्या माणसाला व्यायाम शिकवणे होय. दुसरे, मॅनिफोल्डची तोंडे सपाट आहेत की नाही ते पट्टी लावून पाहा. या इंजिनात आत जाणाऱ्या हवेचे आणि बाहेर पडणाऱ्या धुराचे मॅनिफोल्ड एकाच बाजूला असते आणि काही ठिकाणी एकाच वायसरखाली दोन्ही आवळले जाते. एकाची जाडी कमी आणि दुसऱ्याची जास्त असली, की नट कितीही आवळला तरी एक बाजू सैल राहते. तिथून हवा शिरली की सगळे ट्यूनिंग व्यर्थ. तिसरे, कार्बुरेटरचा आडवा दांडा झिजलेला असेल तर तो आधी बदला. चौथे, फ्लोटचे भांडे उभे सरळ बसले पाहिजे, नाहीतर पेट्रोलची पातळी चुकते. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, कार्बुरेटरच्या खालीच धुराचा तापलेला नळ आहे. मध्ये उष्णता अडवणारा ठोकळा आणि पत्रा हवाच. भांड्यातून सांडणारे पेट्रोल दूर खाली नेणाऱ्या नळ्याही हव्यात.

मग ट्यूनिंग. दोन्ही दांड्यांमधला जोड सैल करावा. एक रबरी नळी घ्यावी. एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बुरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा सुस्कारा ऐकावा. दोन्हीकडे तो सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवावेत. त्यानंतर मिश्रण. जेटचा नट पूर्ण वर नेऊन दोन फेरे खाली आणावा, ही सुरुवात. इंजिन तापल्यावर एकेका कार्बुरेटरचा पिस्टन पाऊण मिलिमीटरभर उचलून पाहावा. फेऱ्या वाढून वाढलेल्याच राहिल्या तर पेट्रोल जास्त. इंजिन कण्हू लागले तर कमी. किंचित वाढून पुन्हा जागेवर आले तर बरोबर. शेवटी जोड आवळावा, पण असा, की ॲक्सिलरेटर दाबताच दोन्ही झडपा एकाच क्षणी उघडतील. एक आधी उघडली तर तिच्या वाट्याचे दोन सिलिंडर गाडी ओढतात आणि उरलेले दोन त्यांच्यावर भार टाकून चालतात. गाडी चालते, पण थकते. हे चित्र कामगारांना समजावून सांगावे लागत नाही.

आजच्या काळात एक भर घालावी लागते. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि बुचाची गॅस्केटे त्याला टिकत नाहीत, आणि मिश्रणही पातळ पडते. त्यामुळे मॅन्युअलातली सुई प्रत्येक वेळी चालेलच असे नाही. नळ्या तर नव्याच घाला.

आता किंमत कोण मोजतो, या प्रश्नाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका लहान गॅरेजात असेच काम आले. मालकाला रविवारच्या मोटार-मेळाव्यासाठी गाडी हवी होती. रक्कम ठोक ठरली आणि दिवस एकच मिळाला. घाईत सांडपेट्रोलच्या नळ्या 'उद्या लावू' म्हणून राहिल्या. संध्याकाळी इंजिन सुरू असताना पेट्रोल तापल्या नळावर ठिबकले आणि एकोणीस वर्षांच्या हेल्परचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. गॅरेजात माणसे सहा. राज्य विम्याचे बंधन साधारणतः दहा माणसांपासून सुरू होते, त्यामुळे विमा नव्हता. आग विझवण्याचे नळकांडे भिंतीवर होते, पण ते रिकामे! गाडीच्या मालकाने रंग खराब झाल्याचे पैसे कापून घेतले. दवाखान्याचे बिल संघटनेने वर्गणी काढून हप्त्याहप्त्याने फेडले. पोराचे हात बरे झाले, पण डाव्या हाताची बोटे पूर्वीसारखी मिटत नाहीत. ज्या कामात बोटांनी पाऊण मिलिमीटर ओळखायचा, त्या कामातून तो गेला.

आम्ही हौसेच्या विरुद्ध नाही. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी ती जपावी, कारण तिच्यामुळेच हे कौशल्य जिवंत आहे. आजच्या गाडीत पेट्रोलचे माप संगणक ठरवतो. कानाला नळी लावून इंजिन ऐकणारे मिस्त्री आता थोडे उरले आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकायला पोरे येत नाहीत. का येत नाहीत, ते वरच्या हकिगतीवरून कळेल.

म्हणून गाडीमालकांना आमची चार मागणीवजा विनंती. काम ठोक न देता दिवसाच्या मजुरीवर द्या. मॅनिफोल्ड बसवायला एक दिवस आणि ट्यून करायला दुसरा, इतका वेळ लागतोच. भरलेले आगीचे नळकांडे पाहिल्याशिवाय चावी देऊ नका. गॅरेजात हेल्परचा अपघात-विमा उतरवला आहे का ते विचारा, आणि नसेल तर त्याचा हप्ता बिलात धरा. चौथी गोष्ट आपल्याच हिताची. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायचे तर ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा. तेव्हा काम करण्यापूर्वी नोंदणी कार्यालयात विचारा, आणि जुने मॅनिफोल्ड व जुना कार्बुरेटर भंगारात न देता तेल लावून, गुंडाळून ठेवा.

गॅरेजमालकांनाही एक शब्द. आपण मजुरी वाचवता ती शेवटी कोणाच्या तरी कातडीतून वसूल होते. आणि तरुण कामगारांना: सांडपेट्रोलच्या नळ्या लागल्याशिवाय इंजिनाची चावी फिरवू नका, मग समोर कोणीही उभा असो. नोकरीच्या भीतीने एकट्याला नाही म्हणता येत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. सहाही जणांनी मिळून म्हटले तर म्हणता येते. संघटना त्यासाठीच असते.