शिरोड्याचा निरोप

खेडेगांवीं सेवेसाठीं म्हणून जो सुशिक्षित मनुष्य जाऊन राहतो, त्याच्या आगमनाचें कौतुक सर्वत्र होतें. त्याच्या निघून जाण्याविषयीं बोलण्याचें मात्र बहुधा टाळलें जातें. जणुं कांहीं तो त्याचा अपराधच! वि. स. खांडेकर १९३८ सालीं शिरोडें सोडून कोल्हापुरास गेले, ती हकीगत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

शिरोडें हें वेंगुर्लें तालुक्यांतील समुद्रकांठचें गांव. आज तें सिंधुदुर्ग जिल्ह्यांत येतें. परंतु १९८१ पर्यंत तें रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. माडांच्या बागा, मिठागरें, आणि थोड्याच अंतरावर गोव्याची हद्द, म्हणजे त्या काळीं पोर्तुगीजांचें राज्य. १९२० सालीं येथील इंग्रजी शाळेंत खांडेकर शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हां ते अवघे बावीस वर्षांचे होते. मॅट्रिकच्या परीक्षेंत वरचा क्रमांक मिळविलेला, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत कांहीं काळ शिकलेला हा तरुण. दत्तक गेल्यामुळें नांव बदललेलें, प्रकृति नाजूक, आणि पदवी हातीं येण्यापूर्वींच शिक्षण सुटलेलें. अ. वि. बावडेकर यांच्या त्या शाळेजवळ उत्साह होता, धन नव्हतें. अशा ठिकाणीं वर्ष-दोन वर्षें काढावीं आणि बरी जागा मिळतांच वाट धरावी, हा जगाचा व्यवहार. खांडेकर अठरा वर्षें राहिले.

मध्यंतरीं, १९३० च्या मे महिन्यांत, याच शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून स्वयंसेवक आले. त्यांनीं मीठ उचलून कायदा मोडला, तुरुंगवास पत्करला, आणि गांव पुन्हा आपल्या उद्योगास लागलें. त्या त्यागाला कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु शिबिरांतली वस्ती दिवसांनीं मोजावयाची असते, आणि तिचा शेवट बहुधा सरकारच ठरवून टाकतें. शिक्षकाला असा सोयीचा शेवट लाभत नाहीं. केव्हां निघावें हें त्याचें त्यालाच ठरवावें लागतें. सेवेचा सर्वांत अवघड भाग कदाचित् हाच असेल.

खांडेकरांच्या बाबतींत शेवटचे दिवस म्हणजे निघण्यापूर्वींचा आठवडा नव्हे. ते सुमारें दोन वर्षें चालले होते. ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी १९३० सालची. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या १९३४ च्या. हीं सारीं पुस्तकें शाळा सांभाळून लिहिलेलीं. गरिबी आणि श्रीमंती यांतील जें अंतर ‘दोन ध्रुव’ या नांवांतच आहे, तें पाहण्यासाठीं कोंकणांतल्या शिक्षकाला दूर जावें लागत नसे. १९३६ सालीं त्यांच्या कथेवरून कोल्हापुरांत मास्टर विनायकांनीं ‘छाया’ हा बोलपट काढला. तेव्हांपासून वर्ग कोंकणांत आणि लेखणीचें गिऱ्हाईक घाटावर, अशी ओढाताण सुरू झाली. १९२९ मध्यें लग्न झालेलें, संसार वाढता, वय चाळिशीचें. बोलपटाच्या मोहानें मास्तर गेले, असें म्हणणें सोपें आहे. अठरा वर्षें त्या पगारांत काढून दाखविणें तितकेंसें सोपें नाहीं.

आणि कोंकणाला निरोपाची संवय कोणी लावावयास हवी काय? चाकरमान्याला वाटेस लावणें हा तेथील घरोघरचा संस्कार. वेंगुर्ल्याच्या बंदरांतून आगबोटीनें मुंबईस जाणाऱ्या मुलांत इंग्रजी शिकलेला मुलगा असणारच; किंबहुना तें इंग्रजी म्हणजेच गांवाबाहेर पडण्याचा परवाना. खांडेकर मास्तर अठरा वर्षें हाच परवाना वांटीत होते. ज्या शाळेचें यश तिच्या मुलांनीं गांव सोडण्यांत मोजलें जातें, त्या शाळेच्या शिक्षकानें तेवढें आजन्म तेथेंच राहावें, ही अपेक्षा जरा विचित्रच म्हणावी लागेल. १९३८ सालीं निरोप देणाऱ्यानें निरोप घेतला, एवढेंच.

पुढचें श्रोत्यांना ठाऊक आहे. तीन वर्षांतच, १९४१ सालीं, ते सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. ‘ययाति’ १९५९ सालीं आली, आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार तिच्यासाठीं मिळाला. मराठीला तो प्रथमच लाभला. हें सारें कोल्हापूरच्या वास्तव्यांतलें. तेव्हां लोकांच्या मनांत खांडेकर म्हणजे कोल्हापूर असें समीकरण बसलें तर नवल नाहीं. शिरोड्याची शाळा मात्र मास्तर गेल्यामुळें बंद पडली नाहीं. ती आज बावडेकरांच्या नांवानें चालते, आणि तेथेंच खांडेकरांच्या स्मृतीचें संग्रहालयहि आहे.