काका, चाचा आणि मिसळ

न्याहारीची वेळ टळून गेली आहे आणि जेवणाला अजून अवकाश आहे, अशा वेळी जे खाल्लं जातं त्याला इंग्रजीत ‘ब्रंच’ म्हणतात. ब्रेकफास्ट आणि लंच हे दोन शब्द मोडून हा तिसरा तयार झाला. 1895 साली गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज लेखकानं नियतकालिकात लेख लिहून या खाण्याची वकिली केली होती. रविवारी उशिरा उठावं, निवांत खावं आणि चार माणसांशी बोलावं, असा त्याचा आग्रह. आपल्याकडे या खाण्याला असं खास नाव नाही, पण खाणारे भरपूर आहेत. रविवारी साडेदहाच्या सुमाराला आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावी जा. मिसळीच्या हॉटेलाबाहेर माणसं ताटकळत उभी दिसतील.

अशाच एका रविवारी आम्ही नवरा-बायको शहरातल्या एका गर्दीच्या हॉटेलात गेलो. शहराचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं, तोंडात मात्र अजून नगरच येतं. हॉटेलाचं नाव सांगत नाही, कारण मी सांगणार आहे ते कुठल्याही हॉटेलात घडू शकतं.

गल्ल्याजवळ एक वही होती. आपलं नाव सांगायचं, माणसं किती ते सांगायचं आणि वाट पाहायची. वही सांभाळणारा पोरगा विशीतला, बोलण्यावरून पाथर्डीकडचा वाटला. “काका, दहाच मिनिटं,” असं तो मला तीनदा म्हणाला. दहा मिनिटांची पस्तीस झाली. मग त्यानं वहीत पाहून पुकारा केला, “शेख, दोन!” मी पुढे झालो. तो म्हणाला, “चला चाचा, आत फॅमिली रूम मोकळी आहे.”

आता यात रागावण्यासारखं काय आहे? चाचा हा मायेचाच शब्द. पंडित नेहरूंना सगळ्या देशातली मुलं चाचा म्हणत. पण माझ्यासारखा शब्दांवर जगणारा माणूस अशा ठिकाणी अडखळतो. क्षणापूर्वी मी त्या पोराच्या घरातला काका होतो. नाव कळलं आणि शेजारच्या घरातला चाचा झालो. माया तेवढीच, फक्त घर बदललं.

फॅमिली रूमचं उत्तर आमच्या मंडळींनीच दिलं. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या म्हणाल्या, “पाऊण तास सगळ्यांबरोबर उभी राहिले, आता सगळ्यांतच बसते.” आणि बाहेरच्याच बाकावर जाऊन बसल्या.

समोर दोन गृहस्थ होते. आम्ही बसलो तसा त्यांचा चाललेला विषय अर्ध्यात थांबला. काय चाललं होतं ते मी ऐकलं नव्हतं. थांबल्याचं मात्र ऐकू आलं. मी उगाच मिसळीचा विषय काढला. थोड्या वेळानं त्यातले एक म्हणाले, “तुम्ही मराठी फार छान बोलता हो.” ही शाबासकी मला चाळीस वर्षं मिळते आहे. मी म्हणालो, “साहेब, याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला तोही मराठीतच. मी दुसरं काय बोलणार?” ते हसले. काही म्हणाले नाहीत, पण लिंबाच्या फोडींची बशी त्यांनी आमच्याकडे सरकवली.

मिसळ उत्तम होती. मटकी बेताची शिजलेली, कट झणझणीत, कांदा ताजा. पाव मात्र शिळे होते. चहा कोमट आला. पाठीमागे वाट पाहणारे उभे, त्यांची नजर आमच्या ताटात. शेवटचा घास तोंडात होता तेव्हा बिल टेबलावर आलं. बेरिंजरचा निवांतपणा काही आमच्या वाट्याला आला नाही.

तरी ती गर्दी मला मोलाची वाटते. आजच्या तरुणांना खरं वाटणार नाही, पण हॉटेलात जाऊन कुणाच्याही शेजारी बसणं ही गोष्ट आपल्या राज्यघटनेत लिहावी लागली. कलम 15 सांगतं की धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कुणालाही दुकानात, उपाहारगृहात मज्जाव करता येणार नाही. चहाचा कप कुणासाठी बाहेर वेगळा ठेवायचा, हे ठरवणारी हॉटेलं या देशात होती, म्हणून ते लिहावं लागलं. 1955 साली शिक्षेचा कायदाही आला. मिसळीच्या बाकावर आपण सहज टेकतो, त्यामागे एवढी लढाई आहे.

आणि एकत्र खाण्याचा मोठा धडा तर आमच्या गावच्या किल्ल्यातच आहे. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथं कैदेत आणले गेले. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव. प्रांत वेगळे, भाषा वेगळ्या, जिभेच्या आवडी वेगळ्या. आझादांनी तिथं लिहिलेली पत्रं ‘गुबारे-खातिर’ या उर्दू पुस्तकात आहेत. त्यात पहाटे उठून स्वतः केलेल्या चहाचं रसभरीत वर्णन आहे. दुधाचा चहा त्यांना मुळीच मंजूर नव्हता. आमच्या हॉटेलातला चहा त्यांनी नक्कीच परत पाठवला असता! पण चहावरून मतभेद असूनही ही माणसं एका छताखाली जवळजवळ तीन वर्षं राहिली.

आता सोयी वाढल्या आहेत. वातानुकूलित दालन वेगळं, फॅमिली रूम वेगळी, घरपोच मिसळही मिळते. सोयीला माझा विरोध नाही. पण अनोळखी माणसाच्या समोर बसून खाण्याच्या जागा कमी होत चालल्या, तर लिंबाची बशी कोण कुणाकडे सरकवणार?

हा अनुभव एका मित्राला सांगितला तेव्हा तो कळवळून म्हणाला, “हॉटेलवाल्यांनी नावं लिहूच नयेत, नंबर द्यावेत. कुणाला अवघड व्हायला नको.” त्याचा हेतू चांगला आहे. माझं मत मात्र उलट आहे. नंबरनं अवघडलेपण जाईल, पण ओळखही जाईल. कुलकर्णी चार, गायकवाड तीन, शेख दोन, पाटील पाच, अशी नावं रविवारी सकाळी एकाच वहीतून, एकाच आवाजात मोठ्यानं पुकारली जाऊ द्यात. पहिल्यांदा चार माना वळतील. दहाव्यांदा वळणार नाहीत. पाव तेवढे ताजे ठेवा, म्हणजे झालं.