वाचकाच्या हाती कथेचे सूत्र
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीचा इतिहास छापावा की संगणकाच्या पडद्यावर मांडावा, असा प्रश्न तरुण सभासदांनी मंडळापुढे ठेविला आहे. त्याचा विचार करताना एक उदाहरण उपयोगी पडेल.

कॅनडाच्या उत्तर भागात पाइन पॉइंट नावाचे खाणगाव होते. शिसे व जस्ताची खाण बंद पडली आणि १९८८ साली गावही उठले. घरे हलविली वा पाडली गेली. आठवणी तेवढ्या उरल्या. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने २०११ साली त्यांवर ‘वेलकम टू पाइन पॉइंट’ ही कृती इंटरनेटवर प्रसिद्ध केली. तीत छायाचित्रे, चित्रफिती, ध्वनी आणि मजकूर एकत्र गुंफले आहेत. पान केव्हा उलटावे, कोठे रेंगाळावे, हे वाचकाच्या हाती. प्रकरणांचा क्रम मात्र कर्त्यांनी विचारपूर्वक लाविला आहे.

येथेच या कलेचे मर्म आहे. वाचकाला निवड दिली म्हणून लेखकाची जबाबदारी सरत नाही, उलट वाढते. कीर्तनकार श्रोत्यांची मुद्रा पाहून आख्यान आखडतो वा वाढवितो. पडद्यामागील लेखकाला श्रोता दिसत नाही. तो कोठे थांबेल, कोठे कंटाळेल, हे आधीच ताडावे लागते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१२ साली हिमस्खलनावरील ‘स्नो फॉल’ ही वृत्तकथा नकाशे व चलच्चित्रांसह मांडली. तेथे नकाशा शोभेसाठी नाही. डोंगराचा उतार तो शब्दांहून लवकर समजावितो. जे शब्दांनी साधते तेथे चित्राचा सोस नसावा.

दुसरी सावधगिरी टिकाऊपणाची. फ्लॅश या तंत्राचा आधार २०२० अखेर संपला आणि त्यावर रचलेल्या अनेक कृती उघडेनाशा झाल्या. छापील स्मरणिका कपाटातून काढली की वाचता येते. सबब दोन्ही हवीत.

परंतु याहून निकडीची गोष्ट निराळी आहे. आपल्या स्मरणिकांत पदाधिकाऱ्यांची व देणगीदारांची नावे सापडतात. गाव सोडून परमुलखात बिऱ्हाड थाटणाऱ्या आयाबायांचे शब्द सापडत नाहीत. त्यांतील ज्या हयात आहेत, त्यांची संमती घेऊन त्यांचे बोलणे आजच ध्वनिमुद्रित करा. बोलणाराचे नाव, गाव, तारीख सोबत लिहून ठेवा. मांडणीचे तंत्र उद्याही मिळेल, आवाज मिळणार नाही.

तरुणांनी हे कार्य हाती घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.