समुद्र बघायला जाऊ, पण सगळेच जाऊ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणानंतरचं भाषण म्हणजे डुलक्यांची वेळ. म्हणून मी आठवणी सांगत नाही, त्या सकाळी भरपूर झाल्या. मी हिशोब सांगायला उभा आहे. आपल्या ग्रुपवर वर्षभरापासून एक विषय चाललाय : नायगावहून निघायचं, गाडीनं कोकण गाठायचं, समुद्रकाठानं फिरायचं, तंबूत राहायचं. सगळे अंगठा दाखवतात आणि पुढं काही होत नाही. आज ते कागदावर आणू.

पहिली गोष्ट, तंबूची. काही जण म्हणाले, "आपल्याला कुठं तंबूची सवय?" अहो, येळवशीला आपण काय करतो? शेतात कडब्याची कोप घालतो, पांडव पुजतो, भज्जी-आंबील खातो आणि दिवसभर रानातच लोळतो. आपल्या भागातली हजारो माणसं दरवर्षी ऊसतोडीला जाऊन पाच-सहा महिने कोपीत काढतात. १९९३ च्या ३० सप्टेंबरनंतर किल्लारीकडच्या लोकांनी कितीतरी दिवस तंबूत आणि पत्र्याच्या शेडमध्ये काढले. म्हणजे उघड्यावर झोपणं आपल्याला नवं नाही. हौसेनं झोपणं तेवढं नवं आहे.

आता रस्ता. पहिल्या दिवशी नायगावहून मुखेडमार्गे अहमदपूर, तिथून लातूर, औसा आणि तुळजापूरला मुक्काम. आईचं दर्शन घेतल्याशिवाय पुढं गेलो तर घरचे परत घेणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज करून नरसोबाच्या वाडीला मुक्काम. मिरजेत दहा मिनिटं थांबायचं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा इथूनच रेल्वेनं पाणी भरून पाठवलं होतं, पहिल्या फेरीत दहा वाघिणी. ज्या गावानं पाणी पाजलं त्या गावातून नुसतं हॉर्न वाजवत जाऊ नये.

तिसऱ्या दिवशी कोल्हापूर, आंबा घाट आणि खाली गणपतीपुळे. शेजारीच मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. मराठीच्या तासाला ज्यांचं नाव ऐकलं त्यांचं घर बघायचं. चौथ्या दिवशी जयगडहून तवसाळला फेरीबोटीतून गाडीसकट खाडी ओलांडायची आणि हेदवी, वेळणेश्वर करत गुहागर. पाचव्या दिवशी धोपावे ते दाभोळ, पुन्हा फेरीबोट, आणि दापोलीचा किनारा. सहावा दिवस तिथंच. त्यातला अर्धा दिवस पालगडला, साने गुरुजींच्या जन्मगावी. सातव्या दिवशी खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड करत पंढरपूर. हा टप्पा मोठा आहे, पहाटे पाचला निघावं लागेल. आठव्या दिवशी बार्शी, लातूर आणि घर. एकूण साधारण चौदाशे-पंधराशे किलोमीटर. आठ दिवस, सात मुक्काम. त्यातले गणपतीपुळे, गुहागर आणि दापोलीकडचे चार मुक्काम तंबूत, तीन पक्क्या छपराखाली. या वयात सलग सात रात्री जमिनीवर झोपलो तर आठव्या दिवशी उठवायला क्रेन लागेल.

कधी जायचं? येत्या नाही, पुढच्या जानेवारीत. माळेगावची जत्रा झालेली असते, येळवस झालेली असते, तूर निघालेली असते आणि हरभरा अजून रानात असतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोकणात पाय ठेवायला जागा नसते आणि फेब्रुवारीत आपल्यातल्या मास्तर मंडळींच्या मागं परीक्षा लागतात. म्हणून संक्रांत झाली की निघायचं आणि २६ जानेवारीच्या सुट्टीची गर्दी उसळायच्या आत परतायचं.

एक नियम आत्ताच ठरवू. दिवस मावळायच्या आत मुक्काम. जानेवारीत पश्चिम महाराष्ट्रात कारखाने चालू असतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना लाल पट्टी. अंधारात त्या दिसतच नाहीत. दहा किलोमीटर कमी झाले तरी चालतील.

आता समुद्राबद्दल, आणि हे जरा नीट ऐका. आपल्याला मन्याडचा पूर कळतो, गोदावरीचा कळतो. समुद्र कळत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुड-जंजिऱ्याजवळ पुण्याहून सहलीला आलेली चौदा कॉलेजची मुलं बुडाली. लाटा मोठ्या नव्हत्या तरी पाणी ओढून नेतं. कोकणातले लोक भरती तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थीला सुमारे तीन वाजता भरती पूर्ण, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, पण तिथी आपल्या प्रत्येकाच्या घरच्या कॅलेंडरवर असते. ओहोटी लागली की पाण्यात उतरायचं नाही. एरवीही गुडघ्याच्या वर नाही, आणि गावकरी "इथं नको" म्हणाला की वाद घालायचा नाही.

तंबू वाळूवर ठोकायचे नाहीत. भरतीची वाळकी रेघ कुठवर येते ते आपल्याला पहिल्या दिवशी ओळखू येणार नाही. शिवाय त्याच महिन्यांत गुहागर, आंजर्ले, वेळास या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात. रात्रीचे दिवे, शेकोट्या आणि वाळूवर घातलेल्या गाड्या त्यांना मारक. म्हणून तंबू लावायचे ते एखाद्या घरमालकाच्या वाडीत, त्याला पैसे देऊन, त्याच्या अंगणात. फक्त नारळाच्या झाडाखाली लावू नका. आपल्याकडं कडुनिंबाखाली बाज टाकायची सवय आहे. निंबोळी डोक्यात पडली तर माणूस हसतो, नारळ पडला तर हसायला उरत नाही.

जागा निवडताना पहिला प्रश्न समुद्र किती लांब, हा नाही. संडास-बाथरूम किती आणि कसे, हा आहे. हे मैत्रिणींच्या सोयीचं म्हणून सांगत नाही. आपल्यातल्या निम्म्यांना रात्री दोनदा उठावं लागतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या दुप्पट घ्यायच्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवायच्या. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत सोडायचं नाही. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, हे दोन्ही नंबर सगळ्यांच्या खिशात. आणि ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, धपाटे सोबत. भात-मासे दोन दिवस गोड लागतात, तिसऱ्या दिवशी भाकर आठवते.

आता खरा मुद्दा. हे सगळं नियोजन दोन गोष्टींवर अडलंय.

एक, गाड्या. पाच जणांनी आपापल्या गाड्या काढायची तयारी दाखवली. त्यांचे आभार. पण मला ते नको वाटतं. ज्याची गाडी तो मालक होतो आणि ज्याला गाडी नाही तो आठ दिवस पाहुणा होतो. आपण एका बाकावर बसलेली पोरं आहोत. म्हणून दोन टेम्पो ट्रॅव्हलर भाड्यानं करू, रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून जागा बदलू.

दोन, पैसे. तीस जण धरले तर गाडी, मुक्काम, जेवण मिळून माझ्या अंदाजानं माणशी नऊ-दहा हजार होतात. इथं काहींना ते एका संध्याकाळचं जेवण आहे, आणि काहींना एका बॅगेचं बियाणं-खत आहे. तुम्हाला आठवत असेल, शाळेची सहल निघायची तेव्हा वर्गात एक यादी फिरायची. ज्यांनी पैसे भरले त्यांची नावं त्यात असायची. बाकीच्यांना त्या दिवशी घरी काहीतरी काम निघायचं. मलाही दोनदा निघालं होतं. त्यात कुणाचा दोष नव्हता, दुष्काळाचे दिवस होते, गुरुजींनी कितीजणांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले ते आम्हाला नंतर कळलं. पण ती यादी ज्यांच्या लक्षात आहे ते आजही "मला जमणार नाही, तुम्ही जाऊन या" म्हणतात. काम नसतं त्यांना.

म्हणून प्रस्ताव असा. आजपासून महिन्याला सातशे रुपये, चौदा महिने. नऊ हजार आठशे होतात. ज्याला सातशे जमतात त्यानं सातशे, ज्याला दोनशे जमतात त्यानं दोनशे, ज्याला दोन हजार द्यायचेत त्यानं दोन हजार. कोण किती देतं ते दोघांनाच माहीत असेल, आणि ग्रुपवर फक्त एकूण रक्कम येईल. यादी निघेल ती येणाऱ्यांची, भरणाऱ्यांची नाही.

मैत्रिणींना एक सांगतो. सकाळी तुमच्यातली एक म्हणाली, "तुम्ही जावा, फोटो पाठवा." फोटो पाठवायचे असते तर चौदा महिने कशाला थांबलो असतो? दोन गाड्यांत निम्म्या जागा तुमच्या. पती-पत्नी मिळून यायचं तरी चालेल. दारू गाडीतही नाही आणि मुक्कामातही नाही, ही अट मी मित्रांसमोर उघड सांगतो. समुद्रकाठी ती अट जिवाचीही आहे. ज्याला जमणार नाही त्यानं गोव्याची वेगळी सहल काढावी, आमच्या शुभेच्छा.

आणि गुरुजी, बाई, प्रत्येक गाडीत पुढची एक जागा तुमच्यासाठी ठेवली आहे. आठ दिवस झेपत नसेल तर तुळजापूरपर्यंत चला, तिथून तुम्हाला घरापर्यंत पोचवायची जबाबदारी आमची.

आपल्या मराठवाड्याला आठ जिल्हे आहेत आणि एकालाही समुद्र नाही. आपल्या तुकडीतल्या सात जणांनी तो अजून पाहिलेला नाही, मी काल विचारून मोजलंय. चाळिशीत जाऊ म्हणत होतो, पन्नाशी आली. दाराशी दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत नाव लिहा, दुसरीत रक्तगट आणि चालू असलेली औषधं. चहा घ्यायच्या आधी लिहा, नंतर कुणी लिहीत नाही.